पांढरी रेघ

पूर उतरून चौथा दिवस होता. शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं गाव. कुजलेलं पाचट, भिजून आंबलेली ज्वारी, शेण आणि डिझेल या सगळ्यांचा मिळून एक वास पुरानंतर गावात आठवडाभर मुक्कामाला असतो, तो होताच. त्यात आता क्लोरीनचा झणका मिसळला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पांढरी रेघ ओढलेली, मांडवापुढं रांगोळी घालावी तशी सरळ. तोंडाला रुमाल बांधलेली दोन पोरं घमेल्यातून मूठमूठ पावडर सोडत पुढं चालली होती. रेघ चावडीपाशी संपली, पोत्यात अर्धी पावडर उरली, आणि ती पोरांनी चौकातल्या सार्वजनिक विहिरीत पालथी केली. पाण्यावर पांढरा ढग पसरला. कठड्याला टेकून, कळशी घेऊन उभी असलेली एक म्हातारी हे बघत होती. तिनं विचारलं, "किती टाकलीस रं?" पोरगा आपुलकीनं म्हणाला, "लई टाकलीय आज्जी, बिनघोर प्या." म्हातारी म्हणाली, "लई म्हंजे किती?"

पोरानं पोत्याकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं, आणि गप्प राहिला.

म्हातारीनं वाकून वास घेतला, पदर नाकाला लावला, कळशी कमरेवर घेतली आणि नदीच्या वाटेला लागली. पोरांचा दोष काढावा असं त्यात काही नाही. तीन रात्री ती झोपलेली नव्हती, कुणाच्या ना कुणाच्या घरातला गाळ उपसत होती, आणि कुणीतरी पोतं हातात देऊन 'पावडर मारा' एवढंच सांगितलं होतं. पण ते 'लई म्हंजे किती' मनातून जात नाही. पुराच्या आधी आणि पुराच्या नंतर गावासाठी जे जे करायचं असतं, त्यातलं बहुतेक सगळं त्या एका 'किती'पाशी येऊन अडतं.

त्या विहिरीचाच हिशेब घेऊ. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग पाण्याच्या खोलीनं गुणायचं आणि जो आकडा येईल त्याला ७८५ नं. तेवढे लिटर पाणी. चार मीटर व्यास आणि पाच मीटर पाणी असेल तर ६२,८०० लिटर. खोली मोजायला दोरीला दगड बांधून सोडला की झालं. ओली झालेली दोरी म्हणजे खोली. चांगल्या प्रतीची, ३३ टक्के क्लोरीन असलेली टीसीएल रोजच्या शुद्धीकरणाला हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते. म्हणजे या विहिरीला १५७ ग्रॅम. पुरानंतर घाण जास्त म्हणून दुप्पट धरली तरी सव्वातीनशे ग्रॅमच्या आत. २५ किलोच्या पोत्यातली उरलेली अर्धी म्हणजे साडेबारा किलो, रोजच्या मात्रेच्या जवळजवळ ऐंशीपट. असं पाणी तोंडात धरवत नाही. मग माणसं दुसरीकडचं पाणी आणतात, आणि पुरानंतरच्या गावात दुसरीकडचं म्हणजे एक तर नदीचं, नाहीतर आठवडाभर पाण्याखाली असलेल्या हातपंपाचं. जुलाब-उलट्यांची साथ येते ती अशी, पावडर असूनही.

त्याहून जीवाला लागणारी गोष्ट वेगळीच आहे. ती साडेबारा किलो मुळात वाया जाणारी नव्हती. बुडालेली विहीर पहिल्यांदा धुवायची असते तेव्हा लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन लागतं. या विहिरीला ताज्या पावडरची साडेनऊ किलो. आणि पोत्यात पडून पडून २५ टक्क्यांवर उतरलेली पावडर असेल तर बरोबर साडेबारा. पण ती मात्रा टाकायच्या आधी गढूळ पाणी उपसायला हवं, तळाचा गाळ काढायला हवा, कडेचे दगड खराट्यानं घासायला हवेत, नवं पाणी साचू द्यायला हवं. मग पावडर, मग निदान बारा तास आणि जमलं तर चोवीस तास विहीर झाकून ठेवायची, 'पाणी पिऊ नये' अशी पाटी लावून. नंतर वास जाईपर्यंत पाणी उपसून टाकायचं आणि त्यानंतर रोजची मात्रा सुरू. पोरांच्या हातात पावडर बरोबर होती, माप जवळपास बरोबर होतं, दिवस मात्र चुकीचा. गाळाच्या पाण्यात टाकलेलं क्लोरीन जंतूंपर्यंत पोचायच्या आधी गाळातच खर्ची पडतं.

उपशातही घोटाळे होतात. पूर नुकताच उतरलेला असताना भोवतालची जमीन फुगलेली असते. अशा वेळी मोठी मोटर लावून विहीर एका दमात कोरडी केली, तर आतल्या पाण्याचा आधार जातो आणि मागच्या ओल्या मातीच्या रेट्यानं जुनं दगडी बांधकाम आत ढासळतं. पाणी निम्म्यावर आणायचं, थांबायचं, कडा बघायच्या, मग पुढचं. इंजिन कधीही विहिरीत उतरवायचं नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि गाळ काढायला उतरलेला माणूस वर येतच नाही. मेणबत्ती सोडून बघतात ती हवेत प्राणवायू आहे का एवढंच सांगते, हा विषारी वायू तिला कळत नाही. तेव्हा इंजिन कठड्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, दोराला वर दोन माणसं.

रोजच्या पावडरची रीतसुद्धा मुठीनं फेकायची नाही. प्लास्टिकची बादली घ्यायची, लोखंडाची नको. एका बादलीला १०० ग्रॅमच्या वर पावडर नको. आधी थोड्या पाण्यात कालवून डोशाच्या पिठासारखी करायची, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायची आणि पाच-दहा मिनिटं निवू द्यायची. चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली दोरानं विहिरीत सोडायची आणि पाण्याखाली वरखाली, आडवीतिडवी हलवायची, म्हणजे औषध सगळीकडं मिसळतं. खालचा चुना लांब नेऊन टाकायचा. तो विहिरीत गेला की पाणी जड होतं आणि डाळ शिजत नाही अशी तक्रार घरोघर सुरू होते. हे रात्री, शेवटची घागर भरून झाल्यावर करायचं, निदान एक तास पाण्याला हात लावायचा नाही. सकाळी जलसुरक्षक, म्हणजे गावाचं पाणी तपासणारा माणूस, क्लोरीन बघायची ओटीची नळी घेऊन येतो, पाण्यात थेंब टाकतो आणि लगेच पिवळा रंग आला की गाव पाणी भरायला मोकळं. रंग दहा सेकंदांच्या आत बघायचा. गप्पा मारत पाच मिनिटांनी बघितला तर नळी पिवळी दिसेल, पण कामाचं क्लोरीन किती ते कळणार नाही. घरातल्या पिण्याच्या पाण्याला गोळ्याही मिळतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं बसवलेल्या सूत्राची अर्ध्या ग्रॅमची एक गोळी वीस लिटरला पुरते. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून, निवळून, फडक्यातून गाळून मगच.

आणि पावडर ठेवायची कुठं? बहुतेक ठिकाणी ती ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यातल्या खोलीत, फुटक्या कौलाखाली, झेंड्याच्या काठ्या आणि जुन्या खुर्च्यांबरोबर असते. ओल लागली की टीसीएलचं क्लोरीन उडून जातं आणि उरतो तो चुना. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर शुद्धीकरणाला वापरूच नये. उघडल्यावर नाकाला झोंबली नाही तर शंका घ्यावी आणि नमुना तपासणीला पाठवावा. डिझेल, रंग किंवा खताच्या पोत्यांशेजारी तर ती मुळीच नको, आग लागू शकते. मे महिन्यात एकदा पोती उघडून बघितली की जुलैत फसगत होत नाही. रस्त्यावरची पांढरी रेघ मात्र कशालाच उपयोगी नाही. उन्हानं आणि चिखलानं ती संध्याकाळपर्यंत मरते. पण ती दिसते. गावाला बरं वाटतं, बघायला आलेल्यालाही बरं वाटतं, म्हणून ती ओढली जाते.

पंचगंगा आणि कृष्णेच्या काठावर पावसाळ्यात माणसं एकमेकांना 'कसं काय' विचारत नाहीत, 'किती झालं?' विचारतात. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. सांगलीच्या आयर्विन पुलाला ४० आणि ४५. राधानगरी धरणाचा कितव्या नंबरचा स्वयंचलित दरवाजा उघडला, कोयना धरणातून विसर्ग किती, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटरच्या किती जवळ गेली, हे पोरासोरांनाही पाठ असतं. राधानगरीच्या एका दरवाजातून १४२८ क्युसेक येतं हेही. इतकी आकड्यांची जाण असलेला मुलूख दुसरा क्वचितच असेल. तरी २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात घरंच्या घरं फसली, त्याचं कारण आकडा माहीत नव्हता हे नव्हे. पुलावरच्या आकड्याचा आपल्या उंबऱ्याशी काय संबंध, हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं.

त्या वेळी घराघरांत एक खूण होती, २००५ ची. भिंतीवर पाण्याचा डाग, खिळा, नाहीतर कोळशानं ओढलेली रेघ. 'पाच सालाला इथवर आलं होतं.' पाणी वाढायला लागलं तसं लोकांनी धान्याची पोती, टीव्ही, गाद्या, लेकीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेली भांडी त्या रेघेच्या वर हातभर उंचावर रचली आणि निर्धास्त झाले. सांगलीत २००५ ला ५३ फूट ८ इंच झालं होतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जवळजवळ चार फूट. हातभर वर ठेवलेलं सगळं गेलं, आणि त्याहून वाईट म्हणजे माणसं घरात थांबली, कारण रेघ सांगत होती की एवढ्यावर येत नाही. पुढं दोनच वर्षांत, २०२१ च्या जुलैत, कोल्हापुरात पंचगंगेनं २०१९ ची पातळीही ओलांडली. जुनी रेघ जपावी, ती गावाची आठवण आहे. पण सामान रचताना तिच्यावर भरवसा ठेवू नये.

गावानं स्वतःचा तक्ता करावा लागतो, तो कुठल्या कार्यालयातून येत नाही. एक वही, एक पावसाळा आणि रोज दोनदा लिहिणारं एक माणूस एवढ्यावर तो होतो. राजाराम बंधाऱ्यावर अमुक फूट तेव्हा आपल्या ओढ्यात पाणी उलटं शिरलं, अमुक तेव्हा फरशी पूल बुडाला, अमुक तेव्हा बस बंद, अमुक तेव्हा खालच्या गल्लीच्या पहिल्या पायरीला पाणी. विजेच्या खांबांवर, शाळेच्या भिंतीवर, देवळाच्या ओवरीवर ऑइल पेंटनं फुटाफुटाच्या खुणा करायच्या आणि त्यांचा मेळ वहीशी घालायचा. असा तक्ता केला की एक गोष्ट लख्ख दिसते. घरात पाणी यायच्या कितीतरी आधी रस्ता बंद होतो, आणि गाव बेट होतं. बाहेर पडायचं ते रस्ता उघडा असताना, अंगणात टिपूसभर पाणी नसताना. त्या वेळी निघा म्हणणं सगळ्यांना वेडेपणाचं वाटतं. म्हणून निघायचा आकडा उन्हाळ्यात ग्रामसभेत ठरवून ठेवावा. ऐन वेळी सरपंचाच्या तोंडातून निघालेला शब्द भावकीच्या वादात सापडतो, भिंतीवर आधीच लिहिलेला फूट कुणाच्या भावकीतला नसतो. दिवस भरत आलेल्या बाया, डायलिसिसचे रुग्ण, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं यांची यादी आशाताईंच्या वहीत असतेच. त्यांचा आकडा गावाच्या आकड्याहून दोन फूट खालचा धरावा.

पण तक्ता कितीही पक्का असला तरी गोठ्यापाशी येऊन सगळं थांबतं.

काठावरची माणसं घरासाठी अडून बसतात असं बाहेरच्याला वाटतं. ती म्हशीसाठी अडून बसतात. दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर घर चालतं, आणि त्याच्याही पलीकडं, जिला नावानं हाक मारली की मान वळवते तिला पाण्यात सोडून कोण जाईल? बाया-पोरांना बाहेर काढून गडी माणसं रात्री पोहत परत गोठ्यात गेल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. त्यामुळं माणसांच्या आधी जनावरं हलवणं, ऐकायला उलटं वाटलं तरी, माणसं वाचवण्याचा हाच खरा मार्ग आहे. जनावर दिवसाउजेडी, कोरड्या रस्त्यानं, सावकाश न्यावं लागतं. गाभण म्हैस पळवता येत नाही. कुठल्या गावाच्या कुठल्या माळावर न्यायची, तिथं निवारा कशाचा, हे त्या गावाशी आधी बोलून ठेवायला हवं. मोठ्या जनावराला दिवसाला १५ किलो तरी चारा आणि ५० लिटर पाणी धरलं तर दोनशे जनावरांना रोज दहा हजार लिटर, म्हणजे एक टँकर, आणि आठवड्याला २१ टन चारा. हा आकडा ऐकला की 'बघू तेव्हा' म्हणणारे गप्प होतात. पुरात बुडालेल्या उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, फुकट मिळतं म्हणून तेच सगळं घालू नये. त्यातल्या ऑक्झलेटनं जनावराच्या अंगातलं कॅल्शियम कमी होतं. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि सोबत दुसरी वैरण द्यावी. बुरशी आलेला भिजका कडबा तर जाळून टाकलेला बरा. घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या रोगांची लस पावसाच्या आधी, मे-जूनमध्येच. पाण्यात उभ्या राहिलेल्या जनावराला लस देऊन तिचा गुण यायला दिवस जातात, तेवढे दिवस रोग थांबत नाही.

जनावरं हलवून नेलेल्या छावणीत एक गोष्ट हमखास विसरली जाते, धारा. दूध संकलन बंद, डेअरीची गाडी येत नाही, मग दूध काढून करायचं काय म्हणून म्हैस तशीच ठेवली की कास तटतटते आणि दगडी होते. त्या कासदाहानं सड कायमचा जाऊ शकतो आणि पुरातून वाचलेली म्हैस बाजाराच्या रस्त्याला लागते. दूध ओतून द्यावं लागलं तरी चालेल, धार काढायचीच. आणि ज्यांना हलवता आलंच नाही त्यांची दावी सोडायची. दावं सोडलेलं जनावर पोहतं, उंचवटा शोधतं. २०१९ ला पाणी उतरल्यावर किती गोठ्यांत जनावरं जागच्या जागी, दाव्याला, मेलेली सापडली. दावं कापायला कोयता हाताशी हवा, भिजलेल्या दोराची गाठ सुटत नाही.

नावेबद्दल लिहिताना हात जड होतो. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात, येरळा जिथं कृष्णेला मिळते त्या ब्रह्मनाळला, बाहेर पडणाऱ्या माणसांनी भरलेली नाव उलटली. आयांच्या कडेवर लेकरं होती. पाणी चोहीकडून वाढत असताना काठावर उभ्या माणसाला 'तू पुढच्या खेपेला ये' कोण म्हणणार, आणि कुठल्या तोंडानं? ते त्या वेळी म्हणता येत नाही. म्हणूनच ते आधी नावेवर लिहिलेलं असायला हवं. उन्हाळ्यात, संथ पाण्यात नाव सोडायची, माणसाला ६५ किलो धरून तेवढ्या वाळूच्या पिशव्या एकेक करत भरायच्या, आणि कड पाण्याच्या वर निदान वीतभर उरलेली असताना थांबायचं. वाहत्या पुरात लाट येते, माणसं एका अंगाला सरकतात, म्हणून हातभर उरली तर आणखी बरं. मग नावेच्या अंगावर पाण्याच्या बरोबरीनं रंगाची रेघ मारायची आणि वर ठसठशीत अक्षरात माणसांचा आकडा लिहायचा. रेघ बुडाली की नाव सुटणार नाही. नावाड्याला भांडायला ती रेघ पुरते. जॅकेटं त्या आकड्याइतकीच हवीत, दोन लहान मुलांची धरून, आणि ती ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलपात नकोत. पुरात किल्ली कुठं असते हे सगळ्यांना माहीत आहे. इंजिन महिन्यातून एकदा चालवून बघायचं, वर्षभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलवर ते ऐन वेळी धरत नाही. पंख्यात गवत, साड्या, ठिबकच्या नळ्या अडकतात, म्हणून कोयता आणि वल्ही बरोबर. आणि गावात नाव आणायच्या आधी वीज बंद झाल्याची खात्री, कारण चढलेल्या पाण्यावरून जाणाऱ्या नावेला तारा डोक्याच्या उंचीवर येतात.

पाणी उतरायला लागलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि नेमकी तीच वेळ घात करते. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या असतात तोवर दोन्हीकडच्या पाण्याचा त्यांना आधार असतो. पाणी गेलं, ऊन पडलं, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या बसतात. घरात शिरायच्या आधी बाहेरून एक फेरी मारावी, भिंतीला पोट आलंय का, पाया धुपलाय का बघावं, लांब बांबूनं दाबून बघावं. मीटरला हात लावायचा नाही, वायरमन येईपर्यंत मेन स्विच बंदच. काठीनं आपटत आत जायचं, कारण माळ्यावर, गादीखाली, डब्यांच्या मागं सापांनीही आसरा घेतलेला असतो.

गाळाचं म्हणाल तर जाणती माणसं पाणी पूर्ण उतरायची वाट बघत नाहीत. घरात गुडघाभर पाणी उरलेलं असतानाच ती आत जातात आणि त्याच पाण्यात खराट्यानं गाळ ढवळून दाराबाहेर लोटत राहतात. पाणी उतरतं तसा गाळ त्याच्याबरोबर जातो. हे चार तास साधले तर घर दोन दिवसांत धुऊन होतं. चुकले, तर तोच गाळ तळाला बसतो, वाळतो, विटेसारखा होतो, आणि मग फावडं, पाटी, टँकरचं विकतचं पाणी आणि आठ दिवस. म्हणून मदतीच्या पहिल्या ट्रकमध्ये खराटे, वायपर, फावडी, घमेली, गमबूट आणि चिखलपाणी ओढणारे पंप असावेत. लांबून येणारी माणसं मनापासून देतात, त्याबद्दल या भागातलं कुणी कधी विसरणार नाही. पण जुन्या कपड्यांचे ढीग गावोगाव रस्त्याच्या कडेला भिजत पडले, आणि त्याच वेळी गमबुटाविना चिखलात उतरलेल्यांच्या पायांना जखमा होत्या, ज्यांतून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू शिरतात. देण्याआधी फोन करून 'काय हवं, किती हवं' विचारलं तर देणाऱ्याचा एक रुपयाही फुकट जात नाही.

पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात तेव्हा पुन्हा तेच 'किती' उंबऱ्यावर उभं असतं. घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात होतं का? शेतात साचलेला गाळ तीन इंचांहून जास्त आहे का? पीक ३३ टक्क्यांहून जास्त गेलं का? या तीन आकड्यांच्या अलीकडं की पलीकडं, यावर मदत मिळते किंवा मिळत नाही. आणि घरातल्या बाईनं तर पहिल्या दिवशीच भिंत घासून पुसून लख्ख केलेली असते, कारण तो डाग तिला बघवत नाही. घासण्याआधी दोन मिनिटं द्यावीत. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला मोजपट्टी लावून फोटो, घर नंबर दिसेल असा एक फोटो, शेतातल्या गाळात खुपसलेल्या पट्टीचा एक. मेलेल्या जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावरचा १२ आकडी नंबर वाचता येईल असा फोटो काढून पशुवैद्यकाचा दाखला घ्यावा, मगच खोल खड्डा आणि चुना. पाणी कोणत्या तारखेला, किती वाजता उंबऱ्याला लागलं आणि कधी उतरलं, हे कॅलेंडरवरच लिहून ठेवावं. वर्षभर दुधाचा हिशेब लिहायची सवय असतेच, त्याच चौकटीत ते मावतं.

तिसऱ्या महिन्यात मात्र कुणी मोजायला येत नाही. ट्रक थांबलेले असतात, बातम्या थांबलेल्या असतात, बचत गटाचा हप्ता थांबत नाही. पोंगा, म्हणजे शेंड्याचा कोंब, कुजलेल्या उसाला बाजूनं पांगशा फुटतात, दुरून हिरवं दिसतं, वजनाला काही नसतं. रब्बीला हरभरा टाकायचा तर बियाणं भिजून गेलेलं. गाव उभं राहतं की नाही हे त्या दिवसांत ठरतं आणि त्या वेळी लागणारी मदत अगदीच किरकोळ असते: गटाचे तीन हप्ते पुढं ढकलणं, एका एकराचं बियाणं, शिवणयंत्राची एक मोटर.

त्या गावात नंतर एका जलसुरक्षकानं विहीर मोजली. पंप लावून दोन दिवसांत टप्प्याटप्प्यानं उपसली, कडा घासल्या, धुवायची मात्रा टाकली, एक दिवस पत्रे टाकून झाकली. मग कठड्याच्या आतल्या अंगाला, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी, निळ्या ऑइल पेंटनं त्यानं लिहून ठेवलं: 'व्यास ४ मी. पाण्याच्या दर मीटरला ३१ ग्रॅम. पुरानंतर दुप्पट.' शेजारी खिळ्याला मीटर-मीटरवर लाल चिंध्या बांधलेली दोरी अडकवली, आणि तागडी लागू नये म्हणून प्लास्टिकचा एक डबा, ज्याच्यावर १०० ग्रॅमची खूण केलेली. म्हातारी कळशी घेऊन आली तेव्हा तो ओटीची नळी उन्हात धरून उभा होता. नळीत पाणी पिवळं झालेलं.

"किती टाकलीस?"

"पाच मीटर पाणी हाय. तीनशे दहा ग्रॅम."

तिनं कठड्यावरची अक्षरं वाचली नाहीत, तिला वाचता येत नाही. दोरी मात्र हातात घेतली, ओल्या चिंध्या एकेक करून बोटांनी मोजल्या, पाच, आणि कळशी विहिरीत सोडली.